चार इंचांची मर्यादा

जुन्या यंत्राचा सन्मान म्हणजे ते लख्ख पुसून काचेमागे ठेवणे, असे मानणारा मोठा वर्ग आपल्यात आहे. जानेवारी २०२३ मध्ये वडोदऱ्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्यात जुन्या मोटारींचा सोहळा झाला. संस्थानिकांच्या मोटारी मुळात मिरवण्यासाठीच होत्या. त्यांना तो थाट शोभतो. पण चिखलातल्या शर्यतीसाठी घडवलेल्या मोटारसायकलला हाच न्याय लावणे म्हणजे मल्लाला शाल पांघरून दिवाणखान्यात बसवणे होय. या मताला माझा स्पष्ट विरोध आहे.

मोटोक्रॉस हा खेळ मूळचा इंग्लंडचा. १९२४ साली सरे परगण्यातील कॅम्बर्लीजवळच्या माळावर त्याची सुरुवात झाली. पुढे बेल्जियमच्या जोएल रोबेर याने १९६४ ते १९७२ या काळात २५० सीसी गटाची सहा जागतिक अजिंक्यपदे मिळवली. त्यांपैकी पहिली तीन चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेड गाडीवर. ही सीझेड म्हणजे जावाचीच भावंड. म्हैसूरच्या कारखान्यातून १९९६ पर्यंत बाहेर पडलेल्या जावा-येझदी ज्यांनी चालवल्या, त्यांना या घराण्याचा स्वभाव ठाऊक आहे. गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवायचा आणि त्यालाच लाथ मारून गाडी सुरू करायची! नवख्याला हे गौडबंगालच वाटे.

शर्यतीच्या गाड्यांच्या खोडी याहून अधिक. पेट्रोलमध्ये तेल मापून मिसळावे लागते. इंजिन काही वेगापर्यंत मलूल असते आणि मग एकाएकी उसळी घेते. पाणी शिरले की ड्रम ब्रेक जवळजवळ निकामी होतात. बीएसएसारख्या इंग्रजी गाड्यांवर गिअर उजव्या पायाकडे आणि ब्रेक डाव्या. मागच्या स्प्रिंगा जेमतेम चार इंच दबतात. उरलेला धक्का स्वाराने पावठ्यांवर उभे राहून गुडघ्यांत झेलायचा. म्हणून तो खड्ड्यावरून उडून जाऊ शकत नाही. खड्डा आधी पाहावा लागतो, त्याला वळसा तरी घालावा लागतो किंवा वेग तरी आवरावा लागतो. या गाड्यांची खरी गोडी येथेच आहे.

१९७३ मध्ये हाकान अँडरसनने एकाच मागच्या शॉकॲब्सॉर्बरच्या यामाहावर २५० सीसीचे अजिंक्यपद जिंकले आणि हे चित्र पालटले. पुढच्या दशकभरात चाकांची हालचाल फूटभरावर गेली. म्हणूनच अमेरिकन हिस्टॉरिक रेसिंग मोटरसायकल असोसिएशनच्या नियमांत जुन्या गाड्यांच्या गटासाठी पुढे सात आणि मागे चार इंचांची मर्यादा आहे.

या मर्यादेवर नाक मुरडणारा दुसरा वर्ग सुधारकांचा. सांगाडा जुना, पण आत लांब हालचालीचे नवे शॉकॲब्सॉर्बर! सुरक्षिततेचे कारण ते पुढे करतात. नवे टायर, नवी साखळी, नवे ब्रेक-लायनर, चांगले शिरस्त्राण हे सारे अवश्य असावे; झिजणारी वस्तू बदलावीच लागते. पण ज्याला फूटभर आराम हवा आहे, त्याने दुकानातून नवी गाडी घ्यावी. त्याला कोणी अडवले आहे?

काचेवाल्यांचा आक्षेप मात्र अधिक वजनदार आहे. जर्मनीच्या मायकोचे दिवाळे १९८३ मध्ये निघाले. अशी गाडी शर्यतीत मोडली तर ती पुन्हा कोठून आणणार? आक्षेप खरा आहे, पण उभी गाडी सुखरूप राहते ही समजूत खरी नाही. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा चिकटा साचतो, क्रँकची रबरी सीले वाळून तडकतात, बेअरिंगला गंज धरतो. प्लगचा रंग पाहून मिश्रण ओळखणारा हातही कामाअभावी नाहीसा होतो. पिस्टन आणि रिंगा आजही कोणीतरी नव्याने घडवतो, तो काचेमागच्या गाडीसाठी नव्हे. तेथे रिंग झिजतच नाही. त्याचे गिऱ्हाईक म्हणजे रविवारी चिखलात लोळून सोमवारी इंजिन खोलून बसणारा स्वार.