सुट्टीतले रानकाम : पाठवावे की नाही?



बी.एस्सी.चा मुलगा उन्हाळ्यात चोपड्याला घरी आला की आपण त्याला केळीच्या बागेत धाडतो. पण कधी दुसरेही बोलावणे येते : दोन महिने सातपुड्यात झाडे-पक्षी मोजायचे, मानधनावर. वडील मला विचारतात, "साहेब, झाडे मोजून पोट भरते का?"

प्रश्न रास्त आहे. पण रानपिंगळ्याचे पाहा. हे छोटे घुबड १८८४ नंतर कोणाला खात्रीने दिसले नव्हते; नामशेषच झाले असे धरून चालले होते. १९९७ साली ते शहाद्याजवळच्या रानात सापडले. पुढे आपल्या यावल अभयारण्यातही आढळले. ते जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करते, म्हणून झाडांचीही नोंद लागते.

झाडाचा घेर १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे छातीपाशी मोजतात. घेराला ३.१४ ने भागले की व्यास मिळतो. बांधावरचा साग विकतानाही हे उपयोगी पडेल.

मुलगा असो वा मुलगी, पाठवण्यापूर्वी चार गोष्टी पाहा : वनखात्याची लेखी परवानगी, मानधनाचा कागद, राहण्याची सोय आणि सोबत रान जाणणारा पावरा माणूस. माझ्या पुतण्याने तोंडी शब्दावर हंगाम काढला. निम्मे पैसे बुडाले. तक्रारीला हाती कागद नव्हता.

आणि मृगापूर्वी परत यायचे, हे आधीच ठरवा. पेरणी कोणासाठी थांबत नाही.