पुढची खोली कोणाची?

घर स्वतःचे असो वा नोकरीबरोबर मिळालेले, त्यात राहावयास गेल्यावर पहिली चर्चा होते ती पुढच्या खोलीची. स्वयंपाकघराची मांडणी गरज ठरविते. ओट्याशी उभ्या राहणाऱ्या गृहिणीचा हात जेथे पोहोचेल तेथे डबे जातात. पुढच्या खोलीच्या बाबतीत मात्र आपण महिन्यातून एकदा येणाऱ्या पाहुण्यांचा विचार आधी करतो आणि रोज तेथे वावरणाऱ्या घरच्या माणसांचा नंतर. वाचकहो, या क्रमाविषयीच आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

त्याला निमित्त झाले भिलाईच्या रुआबांधा वसाहतीतील एका स्नेह्यांचे घर. भिलाई हे पोलाद कारखान्याभोवती वसलेले नगर. कारखान्यासाठी १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. नाना प्रांतांतील कुटुंबे येथे शेजारी म्हणून राहू लागली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते, त्यामुळे विदर्भातील माणसाला हा मुलूख कधीच फारसा परका वाटला नाही.

स्नेह्यांच्या घरी नवा सोफासेट घ्यावयाचे ठरत होते. मुलगा मोठा झाला, मित्र येऊ लागले, तेव्हा खोली 'जरा बरी' दिसावी, ही इच्छा रास्तच होती. खोली १२ फूट लांब आणि १० फूट रुंद. तिच्यात खिडकीशी एक जुनी लाकडी खाट. स्नेह्यांच्या आई दिवसा त्या खाटेवर बसून भाजी निवडत, रस्त्यावरून जाणाऱ्यांची विचारपूस करीत आणि दुपारी तेथेच आडव्या होत. नव्या योजनेत ही खाट मागच्या खोलीत जाणार होती. आई त्यावर काही बोलल्या नव्हत्या.

मी त्यांना एक सोपी रीत सुचविली. वस्तू विकत घेण्यापूर्वी तिच्या मापाचे कागद कापून जमिनीवर अंथरावे आणि दोन दिवस त्या कागदांसह घरात वावरून पाहावे. जुनी वर्तमानपत्रे जोडून आम्ही तसे केले. तिघांचा सोफा साडेसहा फूट लांब व तीन फूट रुंद, दोन सुट्या खुर्च्या प्रत्येकी तीन फूट चौरस, मधले मेज चार फूट बाय दोन, दूरदर्शन संचाची मांडणी चार फूट बाय दीड. बेरीज सुमारे ५२ चौरस फूट झाली. खोली १२० चौरस फुटांची, म्हणजे उरले ६८. बाहेरच्या दारापासून आतल्या दारापर्यंत तीन फूट रुंदीची वाट सोडली, तर त्यांतील ३६ तिच्यातच जातात. बाकी जागा उरली ती कोपऱ्याकोपऱ्यांत, तुकड्यातुकड्यांनी.

हिशेब चालला असता आई आतून आल्या आणि दारातच थांबल्या. सूनबाई म्हणाल्या, “आई, या ना. उभ्या का राहिलात?”

“अगं, छापील कागद आहे,” आई म्हणाल्या. “त्यावर पाय कसा देऊ?”

अक्षराला पाय लागू नये, हा आपल्याकडचा जुना संस्कार. परंतु त्या क्षणी आम्हां सर्वांच्या एक गोष्ट ध्यानात आली. कागदांमधून खिडकीपर्यंत जावयास त्यांना वाटच उरली नव्हती. जे आकड्यांनी सांगितले नव्हते, ते त्यांच्या थांबण्याने सांगितले.

सोफासेट वाईट असतो, असे माझे म्हणणे नाही. मोठ्या दिवाणखान्यात तो शोभतो. प्रश्न इतकाच की, त्यावर कोण बसणार आणि किती वेळ? १९५८ साली अमेरिकन रचनाकार चार्ल्स व रे ईम्स यांनी भारत सरकारच्या निमंत्रणावरून एक अहवाल लिहिला. अहमदाबादेतील राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ साली स्थापन झाली, ती या अहवालाच्या आधारे. त्या अहवालात सर्वाधिक आदराने वर्णिलेली वस्तू आहे आपला साधा लोटा. त्यात किती पाणी मावावे, तो कोणत्या हाताने उचलला जाईल, कमरेवर कसा बसेल, ओतताना तोल कसा राहील, अशा असंख्य प्रश्नांची उत्तरे पिढ्यान्‌पिढ्या शोधली गेली, तेव्हा त्याला हा आकार आला.

हेच प्रश्न खुर्चीला विचारून पाहावे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला फार खोल व मऊ आसनावरून उठता येत नाही. जमिनीपासून सतरा-अठरा इंच उंचीची घट्ट बैठक आणि हाताला आधार असला की, ते कोणाच्या मदतीवाचून उठते. भिलाईच्या उन्हाळ्यात पारा ४४ अंशांवर जातो. अशा वेळी रेक्झिनचे आच्छादन घामाने अंगाला चिकटते आणि मखमलीत धूळ साठते. हातमागाच्या जाड सुती कापडाचे अभ्रे घरी धुता येतात. खिडकीशी कूलर बसत असेल, तर त्याची जागा आधीच मोकळी सोडावी आणि समोरचे दार किंवा खिडकी सामानाने अडवू नये. आत आलेल्या हवेला बाहेर पडावयास मार्ग नसेल, तर थंडावा येत नाही, केवळ दमटपणा वाढतो.

राहता राहिली सजावट. याबाबतीत छत्तीसगढासारखा श्रीमंत शेजार क्वचितच लाभतो. कोंडागावचे घडवा कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाच्या तारा गुंडाळून मूर्ती घडवितात, तिच्यावर मातीचा लेप देतात आणि मेण वितळवून त्याच्या जागी पितळेचा रस ओततात. मूर्ती बाहेर काढताना साचा फुटतो, म्हणून एकीसारखी दुसरी नसते. अशी एक मूर्ती पुरे. दहा ठेवल्या तर एकीकडेही लक्ष जात नाही.

आणि सरगुजा जिल्ह्यातील पुहपुटरा गावच्या सोनाबाई रजवार यांची हकीकत तर प्रत्येक गृहिणीने जाणून घ्यावी अशी आहे. एकाकी घरात लहान मुलासाठी खेळणी करता करता त्यांनी भिंतींवर मातीचे पशुपक्षी उभे केले. बांबूच्या पट्ट्यांवर माती लिंपून जाळ्या केल्या, त्यांतून ऊन गाळून येई. १९८३ साली भोपाळच्या भारत भवनाच्या लोकांनी ते घर पाहिले, आणि पुढे त्यांना राष्ट्रीय सन्मान मिळाला. २००७ साली त्या निवर्तल्या. बाजारातून काहीही न आणता सजविलेले ते घर कोणा पाहुण्यासाठी सजविलेले नव्हते.

रुआबांध्याच्या त्या घरी अखेर सोफासेट आला नाही. खाट खिडकीशीच राहिली. तिचे पाय सुताराकडून थोडे कापून घेतले, घट्ट गादी, लोड आणि जाड चादर घातली, तेव्हा तीच दिवाण झाली. समोर हात असलेल्या दोन वेताच्या खुर्च्या, मधे घडीचे मेज, आणि मुलाच्या मित्रांसाठी एक मोठी सतरंजी. भिंतीला जागोजागी खिळे न ठोकता एक लाकडी पट्टी बसवून तिच्यावर आजोबांची तसबीर व दिनदर्शिका टांगली.

सूनबाईंनी नुकतेच कळविले आहे की, मुलाचे मित्र येतात आणि सतरंजी सोडून आजीच्या दिवाणावरच दाटीवाटीने बसतात. आजी कुरकुरतात, पण सरकून जागा करून देतात.