घट्ट म्हणजे पक्के नव्हे

लोखंडी सायकलवर वाढलेल्यांचा एक हट्ट असतो. हँडल हलता कामा नये, म्हणून अंगातले सारे बळ लावून पाना आवळायचा! चिरंजीवांच्या सायकलचा फोर्क कार्बनचा असेल, तर हा हट्ट आवरावा. कार्बनची नळी लोखंडासारखी वाकून इशारा देत नाही. फार आवळली की आतून चिरते आणि पुढे एखाद्या खड्ड्यात अचानक तुटते.

म्हणून स्टेम बसवताना क्रम पाळावा. नळीवर ओरखडा वा चीर नाही ना, हे आधी उजेडात पाहावे. नळीच्या आत, स्टेमची पकड येते तेथेच, फुगणारा एक्स्पांडर बसवावा. धातूच्या नळीत ठोकतात तो चांदणीसारखा नट येथे वर्ज्य. ग्रीस मुळीच लावू नये.

बाजूचे स्क्रू ढिले ठेवून प्रथम वरच्या टोपीचा स्क्रू आवळावा. फोर्कची खडखड थांबली आणि हँडल मोकळे फिरले, की पुरे. मग स्टेम चाकाच्या रेषेत आणून बाजूचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. किती? बहुधा ५ न्यूटन-मीटर. पण स्टेम व फोर्क यांच्या कारखानदारांनी दिलेल्या आकड्यांपैकी लहान असेल तोच पाळावा. येथे मनगटाचा अंदाज चालत नाही, टॉर्क पानाच हवा.

शेवटी पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवून पाहावी. पान्याची किंमत जरा खटकेल खरी. पण उतारावर मुलाच्या हाती सुटे हँडल येण्यापेक्षा ती स्वस्तच, नाही का?