कांट घड्याळासारखा नव्हता

इमॅन्युएल कांटचं नाव निघालं की ती गोष्ट हमखास येते: हा गृहस्थ फिरायला बाहेर पडला की कोनिग्सबर्गचे लोक आपली घड्याळं लावून घेत. 1834 साली कवी हाइनेने हे चित्र असं काही रंगवलं की ते पुसलं गेलंच नाही. तेव्हापासून पूर्वपक्ष ठरलेला आहे. एका गावात, एका चाकोरीत जन्म काढलेला हा ब्रह्मचारी प्राध्यापक. मग त्याचं नीतिशास्त्र तरी कोरडं आणि हुकमाच्या ताबेदारासारखं नसेल तर काय!

हे चित्र म्हाताऱ्या कांटचं आहे. खोगीर-लगाम करणाऱ्या कारागिराचा हा मुलगा विद्यार्थिदशेत बिलियर्ड्सवर पैसे मिळवत होता. 1755 पासून पुढची 15 वर्षं त्याला प्राध्यापकी नव्हती. मुख्यतः विद्यार्थ्यांच्या फीवर भागवायचं आणि तरीही झकपक कपड्यांत मेजवान्यांना, पत्त्यांच्या डावांना जायचं, असा त्याचा खाक्या होता.

घड्याळाचा खरा माणूस वेगळाच होता: जोसेफ ग्रीन, कोनिग्सबर्गमधला इंग्रज व्यापारी. कांटचा शिष्य आणि चरित्रकार याखमान सांगतो, की एकदा सकाळी आठला दोघांनी बग्गीतून फिरायला जायचं ठरवलं. आठच्या ठोक्याला ग्रीन एकटाच निघाला. दोन मिनिटं उशीर झालेला कांट वाटेत समोरून येताना दिसला. पण ग्रीनने बग्गी थांबवली नाही. उशीर कुणाला झाला, ते पाहावं!

याच ग्रीनच्या सहवासात, चाळिशीनंतर, कांटने नियम धरला. छाती अरुंद, प्रकृती तोळामासा, तेव्हा तो पथ्यापाण्याचा भाग होता, असं कुणी म्हणेल. होताच. पण पथ्य माणूस विचार करून स्वीकारतो. घड्याळाला तो पर्याय नसतो. 1785 च्या नीतिविषयक ग्रंथात कांटचा मुद्दा नेमका हाच आहे. राजा, धर्मगुरू किंवा वासना यांनी घातलेला नियम पाळण्यात नैतिकता नाही. जो नियम सर्वांनी पाळावा असं आपल्याला म्हणता येईल, तो आपणच आपल्याला घालून घ्यायचा. याला ताबेदारी म्हणणाऱ्याने ग्रंथ उघडलेला नाही.

कांटवर आक्षेप घ्यायचाच, तर त्याला वेगळी जागा आहे. पूर्व प्रशियाबाहेर पाऊल न टाकता हा माणूस अनेक दशकं भूगोल शिकवत राहिला. प्रवाशांच्या पुस्तकांवर विसंबून त्याने मानववंशांची उतरंड लावली आणि गोऱ्यांना वर बसवलं. माणसाला केवळ साधन समजू नका, असं बजावणाऱ्याच्याच हातून हे लिहिलं गेलं. 1790 च्या दशकात त्याने वसाहतवाल्या युरोपीयांना खडसावलं, हे खरं. पण आधीची पानं त्याने जाहीरपणे मागे घेतली नाहीत. इथे कांटचा वकील व्हायची माझी तयारी नाही.