पुन्हा चालायला शिकताना

पक्षाघाताचा झटका आलेला माणूस इस्पितळातून घरी आला की आपल्या सर्वणसारख्या गावात त्याची फार सेवा होते. पाणी हातात, जेवण खाटेवर, अंगाला तेल. या सेवेमागची माया आम्ही जाणतो. तरीही आमचे मत असे की, खाटेवरची ही सेवाच पुष्कळदा त्याचे चालणे लांबवते.

या आजारात मूळ दुखणे पायात नसते. मेंदूचा रक्तपुरवठा अडतो किंवा रक्तस्राव होतो आणि पायाला हुकूम देणारा भाग दुखावतो. मेंदूचे शाबूत भाग ते काम काही प्रमाणात शिकू शकतात, पण सरावाने, तेच पाऊल शेकडो वेळा टाकून. तेलाने अंगाला बरे वाटते. पाऊल टाकण्याची जागा तेल घेत नाही. अर्थात घाईही नको. 2015 साली 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अव्हर्ट' या मोठ्या चाचणीत, पहिल्या 24 तासांतच जास्त वेळा उठवून चालवलेल्या रुग्णांची प्रगती उलट थोडी कमीच दिसली. तेव्हा केव्हा उठवायचे ते डॉक्टरांनी ठरवावे. त्यानंतर मात्र थोडे थोडे, पण रोज.

बांबोळीच्या गोमेकॉत फिजिओथेरपिस्ट रीत शिकवतात. परंतु सर्वणहून रोज बांबोळी गाठणे किती घरांना जमेल? बाकीचा सराव घरच्यांनीच करून घ्यायचा. म्हणून मुलांनो, एवढे शिकून घ्या. आजोबा चालताना त्यांच्या दुबळ्या बाजूला, किंचित मागे राहा. दुबळा हात धरून ओढू नका, खांदा निखळू शकतो. काठी चांगल्या हातात द्यावी. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी. खुर्चीवरून उठणे-बसणे हासुद्धा व्यायामच. सांगितले असेल तितक्या वेळा करून घ्या आणि तुम्ही मोजा. (गणिताच्या तासाला मोजण्याचा कंटाळा येतो, तो येथे चालणार नाही!)

विश्वस्त मंडळाकडे एक मागणे आहे. आपल्या शाळेच्या पायऱ्यांना एकाच बाजूला कठडा आहे. ज्याची उजवी बाजू दुबळी, त्याला चढताना तो डाव्या हाताला मिळतो. उतरताना तोच कठडा दुबळ्या हाताकडे येतो. नातवंडांचे कार्यक्रम पाहायला आलेल्या आजी-आजोबांनी मग खालच्या अंगणातच थांबावे काय? दुसऱ्या बाजूचा कठडा येत्या स्नेहसंमेलनापूर्वी बसवावा, अशी आमची विनंती आहे.