खंबीर मनाचा सल्ला कोणाच्या सोयीचा?

‘ताण कोणाला नसतो? मन खंबीर करा.’ कंपनीतल्या ताणमुक्तीच्या शिबिरात आणि दहावीच्या पालकसभेत हे वाक्य आज हमखास ऐकू येतं. शिबिर संपलं की कर्मचारी रात्री साडेनऊच्या कॉलच्या तयारीला लागतो. पालकसभा संपली तरी मुलाचं शाळा, क्लास, सराव परीक्षा हे रहाटगाडगं तसंच चालू राहतं. ताण म्हणजे मनाचा कच्चेपणा आणि तो ज्याचा त्याने दूर करावा, असं हा सल्ला धरून चालतो. हे गृहीतकच चुकीचं आहे, आणि त्याची किंमत माणसं तब्येतीने मोजत आहेत.

जितकी जबाबदारी मोठी तितका ताण मोठा, तरी वरिष्ठ तो पेलतातच ना, असा युक्तिवाद केला जातो. तो लंडनमध्ये खोटा ठरला. तिथल्या व्हाइटहॉल या सरकारी कचेऱ्यांच्या भागातल्या सुमारे १८,००० सरकारी नोकरांचा अभ्यास १९६७ साली सुरू झाला. निरोपे, दारवान अशा सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचं मृत्यूचं प्रमाण सर्वोच्च श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघालं. धूम्रपान आणि रक्तदाब हिशेबात घेऊनही हा फरक पुरता उलगडेना. मग १९८५ पासून मायकल मार्मट आणि सहकाऱ्यांनी १०,००० हून अधिक स्त्री-पुरुष कर्मचाऱ्यांना घेऊन नवा अभ्यास आरंभला. काम कोणत्या क्रमाने, कोणत्या पद्धतीने करायचं हे ठरवण्याची मुभा ज्यांना कमी, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त, असं त्यातून दिसलं. नुसत्या ओझ्यापेक्षा, स्वतःचं काहीच न चालणारं ओझं माणसाला अधिक पोखरतं. आपल्या दिवसातला एक तासही ज्याच्या हाती नाही, अशा विद्यार्थ्याकडे या नजरेने पाहायला हवं.

आणि नुसतं ओझंही निरुपद्रवी नाही. तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, असं उद्योगपती नारायण मूर्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये म्हणाले. त्याआधी दोनच वर्षं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी हिशेब मांडला होता: आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ५५ किंवा अधिक तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के, तर हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्के जास्त असतो. इतक्या तासांना मेहनत म्हणून गौरवण्याआधी हे आकडे डोळ्यांपुढे ठेवायला हवेत.

‘थोडा ताण हवाच, त्याशिवाय मुलं अभ्यास करत नाहीत’ हा आणखी एक आवडता दावा. यर्क्स आणि डॉडसन यांच्या १९०८ सालच्या ज्या प्रयोगाचा त्यासाठी आधार घेतला जातो, तो उंदरांना विजेचे झटके देऊन केलेला होता. काम सोपं असताना जोरदार झटक्यांनीही उंदीर लवकर शिकले. काम अवघड होत गेलं तसा सौम्य झटकाच उपयोगी पडला. म्हणजे या प्रयोगाचा आधार घ्यायचाच, तर बीजगणित शिकणाऱ्या मुलाचा धाक कमी करावा लागेल.

शिबिरांनी निदान फायदा तरी होतो का? ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,००० हून अधिक कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ध्यानाचे वर्ग, लवचीकपणाचं प्रशिक्षण, अ‍ॅप यांत भाग घेतलेल्यांची मनःस्थिती न घेतलेल्यांपेक्षा बरी आढळली नाही. ब्रिटनमधल्याच ८० हून अधिक शाळांत ८,००० हून जास्त मुलांना घेऊन सजगतेच्या धड्यांची चाचणी झाली. २०२२ मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा नेहमीच्या शिकवण्यापेक्षा वेगळा लाभ दिसला नाही.

प्राणायाम, व्यायाम, मित्राशी मोकळं बोलणं यांनी एखाद्याला खरोखर बरं वाटतं. त्याने ते जरूर करावं. झोप उडाली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जावं. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांकही त्यासाठीच आहे. आक्षेप आहे तो या उपायांच्या आडून वेळापत्रक जसंच्या तसं ठेवण्याला.

वेळापत्रक बदलता येतं. कामाची वेळ संपल्यावर फोन-मेलपासून दूर राहण्याच्या हक्काबाबत ५० हून अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांनी वाटाघाटी कराव्यात, असा कायदा फ्रान्समध्ये २०१७ पासून आहे. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये अशाच हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. रात्री अकरापर्यंत कॉलवर असलेली आईच सकाळी सहाला मुलाला उठवत असते, हे लक्षात घेतलं तर ही मागणी शाळेपासूनही फार दूर नाही.

शाळांच्या बाबतीत तर पुरावा हाताशी आहे. सिअॅटलमध्ये २०१६ साली माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ वर नेली, तेव्हा मुलांची झोप साधारण ३४ मिनिटांनी वाढली. महाराष्ट्रात तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुलांच्या झोपेचा विषय काढला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी न भरवण्याचा आदेश काढला. बसच्या फेऱ्या, दोन पाळ्या, पालकांच्या ऑफिसच्या वेळा अशा अडचणी लगेच पुढे आल्या. त्या खऱ्या आहेत, पण आदेश चुकीचा ठरवण्याइतक्या नाहीत. खरी उणीव वेगळीच आहे: आदेश चौथीवर थांबतो. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, रात्री झोप उशिरा येते आणि तरी आठ ते दहा तास झोप लागतेच. अनेक दोन पाळ्यांच्या शाळांत नेमकी ही मोठी मुलं सकाळी सातच्या पाळीत बसतात. जादा खोल्यांसाठी पैसा लागेल. पण तोवर पहिल्या तासाला गणिताऐवजी खेळ ठेवणं, चाचण्या सकाळी सातला न घेणं आणि पुढच्या वर्षीचं वेळापत्रक ठरण्याआधी ते शिक्षक-पालक संघापुढे व विद्यार्थ्यांपुढे मांडणं, एवढं कोणतीही शाळा येत्या जूनपासून करू शकते.