शेतातली ठेव आणि मावशींचं घड्याळ



मत्तय १३:४४ शिकवताना मुलं दरवर्षी आम्हाला एकच प्रश्न विचारतात. शेतात ठेव सापडलेल्या माणसाने मालकाला का सांगितलं नाही? ही फसवणूक नव्हे का? आजवर आम्ही गुळमुळीत उत्तर देऊन पुढे जात होतो. गेल्या महिन्यात बेळगावच्या कॅम्पात एका मावशींच्या घरी प्रार्थनेला गेलो आणि तोच प्रश्न आमच्यापुढे येऊन बसला.

मावशींचे यजमान १९७० च्या दशकात कुवेतला नोकरीला होते. त्यांचं पिवळ्या डायलचं सेको घड्याळ मावशी कपाटात रोझरीशेजारी ठेवतात. बाजूला दोन बटणं आहेत. वरचं दाबलं की सेकंदकाटा धावतो, पुन्हा दाबलं की थांबतो. खालचं दाबलं की काटा शून्यावर येतो. अशा घड्याळाला क्रोनोग्राफ म्हणतात. निपाणीचा एक संग्राहक ते बघून "जुनं झालंय मावशी, दीड हजार देतो" असं सांगून गेला होता.

जुनं आहेच. पण मागच्या झाकणावर ६१३९ हा आकडा आहे. हे मॉडेल १९६९ मध्ये जपानात निघालं. हाताच्या हालचालीने चावी बसणाऱ्या पहिल्या क्रोनोग्राफांपैकी ते एक. अमेरिकी अंतराळवीर विल्यम पोग यांनी १९७३ मध्ये असंच पिवळं घड्याळ स्कायलॅबवर नेलं, म्हणून जगभरचे शौकीन त्याला 'पोग' म्हणतात. हे त्या माणसाला ठाऊक नसेल, असं आम्हाला वाटत नाही. बटणं दाबून, झाकण निरखून मगच त्याने भाव सांगितला होता.

संग्रह करण्यात पाप आहे असं आम्ही म्हणत नाही. बंद पडलेलं यंत्र हौसेने चालू करणारी माणसं आम्हाला आवडतातच. पण किंमत एकालाच माहीत असेल, तर त्याने ती सांगायला हवी. खरेदी-विक्रीत एकमेकांना फसवू नये, हे लेवीय २५:१४ मध्ये आहे, आणि गप्प राहूनही फसवता येतं. मुलांना आता आम्ही सांगतो: दाखल्यात स्वर्गाच्या राज्याची गोष्ट आहे, व्यवहाराची रीत नव्हे. शिवाय त्या माणसाने शेतासाठी आपलं सगळं विकलं. आमच्या संग्राहकाला खिशातल्या सुट्या नोटांत ठेव हवी होती.

तुमच्या घरी असं घड्याळ असेल, तर दोन गोष्टी करा. डायल रंगवून घेऊ नका. फिकट पण मूळ डायललाच मान असतो. आणि विकण्याआधी दोन-तीन जाणकारांना विचारा.

मावशींनी अजून काही ठरवलेलं नाही. त्यांनी ते आमच्या हातात दिलं, आम्ही जरा हलवलं, आणि ते चालू लागलं. मावशी बराच वेळ कानाशी धरून बसल्या होत्या.